बोर्डबाहेरचे घटक आराखड्यातच हवेत

सर्किटमध्ये विजेने जोडलेला, पण पीसीबीवर न बसणारा भाग म्हणजे बोर्डबाहेरचा घटक. डब्याच्या दर्शनी पट्टीवरचा स्विच आणि पोटेन्शिओमीटर (पॉट), तळाशी बोल्टने आवळलेला ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, बॅटरी, मोटर, टाकीतला फ्लोट, यंत्राच्या बेअरिंगमध्ये खोचलेला तापमान संवेदक, छपरावरचे सौर पॅनेल आणि या सगळ्यांना बोर्डापर्यंत आणणाऱ्या वायरी या वर्गात येतात. पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मुख्य आराखडे असतात. कोणता घटक कोणाला जोडला आहे हे सांगणारा सर्किट डायग्राम, म्हणजे स्किमॅटिक, हा पहिला. तांब्याच्या रेघा आणि घटकांच्या जागा ठरवणारा लेआउट हा दुसरा. पहिल्यातून दुसरा निघतो, आणि त्यासाठी स्किमॅटिकमधल्या प्रत्येक चिन्हाला एक फुटप्रिंट, म्हणजे बोर्डावरच्या पॅडांचा नकाशा, द्यावा लागतो. बोर्डबाहेरच्या घटकाला असा नकाशा असूच शकत नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

या अडचणीवरचा प्रचलित तोडगा असा, की हे घटक स्किमॅटिकमध्ये काढूच नयेत. रेघ कनेक्टरपर्यंत आणावी, पिनांना नावे द्यावीत आणि तिथे थांबावे. अनुभवी डिझायनरही हा सल्ला देतात आणि त्याच्या समर्थनार्थ चार कारणे सांगतात. सॉफ्टवेअर बोर्डासाठी आहे, म्हणून बोर्डावर नसलेल्या वस्तूला त्यात जागा नाही, हे पहिले. फुटप्रिंट नसलेल्या चिन्हावर सॉफ्टवेअर चुका दाखवते, हे दुसरे. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला त्या घटकाशी काही कर्तव्य नसते, हे तिसरे. एकच बोर्ड अनेक यंत्रांत वापरले जाते, मग नेमका कोणता घटक काढायचा, हे चौथे. यांपैकी चौथ्या कारणात तथ्य आहे. पहिली तीन तपासून पाहिली तर टिकत नाहीत, आणि त्यांच्यामुळे अपुरी कागदपत्रे पूर्ण म्हणून खपतात.

लेआउट बोर्डाचा असतो यात वाद नाही. स्किमॅटिक मात्र सर्किटचे असते, आणि सर्किट बोर्डाच्या काठाशी संपत नाही. प्रवाह बोर्डावरून निघतो, कनेक्टरमधून बाहेर पडतो, वायर, संवेदक किंवा कॉइल यांतून फिरून परत येतो, तेव्हा कुठे एक फेरा पुरा होतो. त्या फेऱ्याचा बाहेरचा भाग कागदावर नसेल, तर बोर्डावरच्या घटकांची मूल्ये कशाच्या आधारे ठरली हे तो कागद सांगू शकत नाही. मूल्ये दिसतात, त्यांची कारणे दिसत नाहीत.

तापमान मोजणाऱ्या पीटी१०० संवेदकाचे उदाहरण घेता येईल. शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध १०० ओहम असतो, शंभर अंशांना १३८.५ ओहम. म्हणजे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहम वाढ. आता हा संवेदक कंट्रोल पॅनेलपासून शंभर मीटर दूर आहे आणि ०.५ चौरस मिलिमीटरच्या दोन तांब्याच्या वायरींनी जोडला आहे असे धरू. जाऊन-येऊन वायर दोनशे मीटर झाली. तांब्याच्या रोधकतेवरून तिचा रोध सुमारे ६.९ ओहम निघतो. बोर्डाला हा रोध संवेदकाचाच वाटतो, आणि तो खऱ्यापेक्षा जवळजवळ १८ अंश जास्त तापमान दाखवतो. प्रोग्राममध्ये तेवढे वजा केले तरी प्रश्न सुटत नाही. वायर उन्हाने दहा अंश तापली की तिचाच रोध सुमारे ०.२७ ओहमने वाढतो, आणि मापनात पाऊण अंशाच्या आसपास नवी चूक शिरते. यावरचा उपाय तीन किंवा चार वायरींची जोडणी हा आहे आणि तो लेआउटच्या आधीच ठरवावा लागतो, कारण त्यासाठी कनेक्टरला जादा पिना आणि बोर्डावर वेगळे सर्किट लागते. ज्या स्किमॅटिकमध्ये संवेदक आणि केबल काढलेली आहे, तिथे हा प्रश्न पहिल्याच तपासणीत नजरेस येतो. ज्यात नुसता दोन पिनांचा 'टेंप' नावाचा कनेक्टर आहे, तिथे तो बोर्ड छापून आल्यावर, जागेवर बसवताना कळतो.

कॉइलचेही तसेच आहे. बोर्डावर एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आहे, त्याच्या कलेक्टरपासून कनेक्टरपर्यंत रेघ गेली आहे आणि तिथून पुरवठ्याच्या रेघेकडे उलटा लावलेला एक डायोड आहे. कनेक्टरच्या पलीकडे काय आहे हे माहीत नसणाऱ्याला हा डायोड अनावश्यक वाटू शकतो. पलीकडे रिलेची किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइल असते. ट्रान्झिस्टर बंद होताक्षणी कॉइल आपला प्रवाह चालू ठेवू पाहते आणि व्होल्टेज शेकड्यांत उसळू शकते. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्टची आहे. कॉइल कागदावर असली तर डायोडचे काम आपोआप कळते. नसली तर खर्चकपातीच्या पुढच्या फेरीत तो काढून टाकण्यापासून थांबवणारे कागदावर काही उरत नाही.

गोव्यातील डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात या प्रश्नाला सुरक्षिततेचीही बाजू आहे. लोहखनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे कन्व्हेयरच्या, कडेने दोरी ओढलेली असते आणि ठरावीक अंतरावर तिला पुल-कॉर्ड स्विच जोडलेले असतात. पट्ट्यात कोणी अडकले तर दोरी ओढून पट्टा तत्काळ थांबवायचा. हे स्विच एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांचे संपर्क नेहमीच्या स्थितीत बंद ठेवतात. दोरी ओढली तरी फेरा तुटतो, वायर गंजून तुटली तरी तुटतो. दोन्ही वेळा पट्टा थांबतो. बिघाड झाला तर यंत्र सुरक्षित बाजूला पडावे, हे त्यामागचे तत्त्व. आता पट्ट्याची स्थिती दाखवणाऱ्या बोर्डाच्या स्किमॅटिकमध्ये फक्त 'पुल-कॉर्ड' लिहिलेला दोन पिनांचा कनेक्टर असेल, तर संपर्क नेहमी बंद की नेहमी उघडा ही सर्वांत महत्त्वाची माहिती कागदावर नाही. उद्या कोणी उघड्या संपर्काचा स्विच बसवला आणि त्याला जुळेल असा प्रोग्राम बदलला, तर चाचणीत सर्व ठीक दिसेल, आणि वायर तुटलेल्या दिवशी दोरी ओढूनही बोर्डाला काहीच कळणार नाही. मोटर थांबवण्याचे काम एकट्या मायक्रोकंट्रोलरच्या भरवशावर सोडू नये, ती वाट कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत थेट वायरने जावी, हे खरेच. पण ती थेट वाट म्हणजेही पूर्णपणे बोर्डबाहेरचे सर्किट, आणि ते काढायला जागा स्किमॅटिकच आहे.

इथे कागदाचे आयुष्यही लक्षात घ्यावे लागते. गोव्यातील खाणकाम सप्टेंबर २०१२ मध्ये थांबले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद झाले. अशा खंडांनंतर यंत्रणा पुन्हा चालू करताना ती बसवणारे हात तिथे असतीलच असे नाही. मध्ये अनेक पावसाळे गेलेले असतात, केबलच्या खुणेच्या चिठ्ठ्या पुसलेल्या असतात. अशा वेळी आराखड्यात जे लिहिले आहे तेवढेच हाताशी राहते. कनेक्टरशी थांबणारा आराखडा त्या वेळी बोर्डाबद्दल सर्व काही सांगतो, आणि बिघाड बहुधा जिथे असतो त्या वायरी, ग्लँड, स्विच आणि सांधे यांबद्दल काहीच सांगत नाही. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत गंज आधी उघड्या सांध्यांवर आणि कनेक्टरच्या संपर्कांवर चढतो. डब्यात बंद, लॅकर मारलेले बोर्ड त्या मानाने सुरक्षित असते.

समुद्रकाठच्या उपकरणांतही हेच दिसते. पणजीजवळच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उपकरण विभागाने समुद्राची पातळी मोजून मोबाइल जाळ्यावरून तत्काळ कळवणारे मापक तयार केले. त्यांपैकी एक मांडवीच्या पलीकडच्या काठावर, वेरें येथे उभारला गेला. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ झालेल्या ८.४ तीव्रतेच्या भूकंपानंतरची त्सुनामी गोवा आणि कवरत्ती येथील मापकांवर नोंदली गेली. अशा उपकरणात बोर्ड हा आकाराने लहानसा भाग असतो. पाण्याच्या पातळीचा संवेदक, बॅटरी, सौर पॅनेल, मोडेम आणि अँटेना हे सगळे त्याच्या बाहेर, आणि उपकरणाचे विद्युत वर्तन ठरते ते या बाहेरच्या मंडळींवर. बारा व्होल्टची म्हणवणारी लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होताना १०.८ व्होल्टच्या आसपास येते आणि चार्ज होताना १४.४ च्या आसपास जाते. बारा व्होल्टचेच म्हणवणारे छत्तीस सेलचे सौर पॅनेल मोकळे असताना २१ ते २२ व्होल्ट देते. साध्या चार्जरच्या जोडणीत बॅटरीची वायर निसटली, तर हे व्होल्टेज बोर्डाच्या दारापर्यंत पोहोचू शकते. १६ व्होल्ट मर्यादेचा कपॅसिटर तिथे चालणार नाही. स्किमॅटिकवर बॅटरी आणि पॅनेल काढलेले असतील तर ही शंका तपासणाऱ्याच्या मनात येते. 'बारा व्होल्ट' एवढेच लिहिलेल्या कनेक्टरकडे पाहून ती येत नाही.

आता दुसरे कारण, सॉफ्टवेअरच्या तक्रारीचे. ते एके काळी खरे होते, हे मान्य करायला हवे. कीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर १९९२ मध्ये ग्रेनोबल येथील ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत बोर्डबाहेरच्या घटकासाठी सरळ सोय नव्हती. लोक आडवाटा शोधत. घटकाच्या नावाआधी '#' चिन्ह लावले की तो नेटलिस्टमधून, म्हणजे जोडण्यांच्या यादीतून, निघून जाई, पण सामानाच्या यादीतूनही, म्हणजे बीओएममधूनही, निघून जाई. फुटप्रिंट न देता सोडले तर दर वेळी लेआउट अद्ययावत करताना त्रुटी दिसे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने प्रत्येक चिन्हाला दोन स्वतंत्र खुणा दिल्या: 'बोर्डातून वगळा' आणि 'सामानाच्या यादीतून वगळा'. २०२३ च्या सातव्या आवृत्तीत 'बसवू नका' ही तिसरी खूण आली. पहिल्या खुणेने बोर्डबाहेरचा स्विच लेआउटमध्ये येत नाही, तक्रार होत नाही, आणि तो खरेदीच्या यादीत मात्र राहतो. दुसरे कारण तेव्हाच निकाली निघाले. तरीही जुना सल्ला तसाच दिला जातो, कारण तो देणाऱ्यांची सवय जुन्या आवृत्तीच्या काळातली आहे.

या तीन खुणा वेगळ्या का आहेत हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण गोंधळ इथेच होतो. घटकाला बोर्डावर जागा हवी का, तो विकत घ्यायचा का आणि असेंब्लीत तो बसवायचा का, हे तीन निराळे प्रश्न आहेत. दर्शनी पट्टीवरच्या स्विचला जागा नको, पण तो विकत घ्यायचा. स्क्रूच्या भोकाला जागा हवी, पण विकत घ्यायचे काही नाही. पुढे लागला तर बसवू म्हणून ठेवलेल्या रोधाला पॅड हवेत, पण तो आज बसवायचा नाही. तिथे 'बसवू नका' ही खूण योग्य. तीच खूण बोर्डबाहेरच्या मोटरला लावणे चूक आहे. मोटर बसवायचीच आहे, फक्त बोर्डावर नाही. ऑल्टियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी स्वतंत्र खुणांऐवजी घटकाचा प्रकार निवडावा लागतो: प्रमाणित, यांत्रिक, केवळ आलेखी, यादीबाहेरचा प्रमाणित, असे. वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच शब्दात कोंबणारी ही रचना कीकॅडच्या खुणांपेक्षा कमी स्पष्ट आहे, आणि तिथे कोणता प्रकार कधी वापरायचा याचा नियम संस्थेने आपापला लिहून ठेवलेला बरा.

तक्रार टाळण्यासाठी अजूनही दोन आडवाटा सर्रास वापरल्या जातात. पहिली रिकाम्या फुटप्रिंटची. एकही पॅड नसलेला नकाशा घटकाला जोडायचा, म्हणजे फुटप्रिंट नसल्याची तक्रार थांबते. पण असा घटक लेआउटवर एक अदृश्य वस्तू होऊन राहतो. त्याला जागेचे निर्देशांक मिळतात, आणि ते वगळायचे विसरले तर घटक बसवणाऱ्या यंत्राच्या फाइलमध्येही जातात. शिवाय चिन्हाला पिना आहेत आणि नकाशाला पॅड नाहीत, ही विसंगती सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी दाखवते. मग ती चूक पाहून सोडून द्यायची सवय लागते, आणि त्याच सवयीने एखादी खरी चूकही सोडली जाते.

दुसरी आडवाट जास्त मोहक आहे. पॉटच्या चिन्हाला वायर सोल्डर करण्याच्या तीन भोकांचा नकाशा द्यायचा. घटक एक, चिन्ह एक, काम झाले. वायर थेट बोर्डाला लावणार असेल तर हे सोपेही वाटते. पण भोके आणि पॉट या दोन वस्तू आहेत. भोके बोर्डावर आहेत आणि विकत घ्यायची नाहीत. पॉट विकत घ्यायचा आहे आणि बोर्डावर नाही. दोन्ही एका नावाखाली आले की बोर्डाची यादी पॉट बोर्डावर बसतो असे सांगते. पुढे त्या भोकांच्या जागी कनेक्टर लावायचे ठरले, तर पॉटचे चिन्हच मोडून नव्याने काढावे लागते. आधीच तीन पिनांचे एक वेगळे चिन्ह आणि बोर्डातून वगळलेला पॉट अशी जोडी असती, तर फक्त एक नकाशा बदलून भागले असते.

विद्युत नियमांच्या तपासणीत, म्हणजे ईआरसीत, बोर्डबाहेरचा घटक उलट मदतच करतो. कीकॅडमध्ये प्रत्येक पिनेला प्रकार असतो: इनपुट, आउटपुट, वीजपुरवठा घेणारी, वीजपुरवठा देणारी, निष्क्रिय. कनेक्टरच्या पिना निष्क्रिय असतात. म्हणून वीज कनेक्टरमधून आली की तपासणी म्हणते, या चिपला पुरवठा करणारे कोणी नाही. यावर त्या रेघेला पीडब्ल्यूआर-फ्लॅग नावाचे चिन्ह लावण्याची रीत आहे. ते चिन्ह 'वीज कुठून तरी येते' एवढेच सांगते. खरी बॅटरी किंवा ॲडॉप्टर काढला तर कुठून येते तेही कागदावर येते. मात्र कीकॅडसोबतच्या लायब्ररीत बॅटरीच्या पिनाही निष्क्रियच ठेवलेल्या आहेत. आपल्या लायब्ररीत तिची प्रत करून धन पिन पुरवठा देणारी करावी लागते. हे काम एकदाच करायचे असते.

सिम्युलेशनचा विचार केला तर भार आणि उगम कागदावर असणे किती नैसर्गिक आहे ते लगेच पटते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने बनवलेले ईसिम, ज्याचे आधीचे नाव ऑस्कॅड होते, कीकॅडचे स्किमॅटिक आणि एनजीस्पाइसचे गणित एकत्र आणते. त्यात सर्किट चालवून पाहायचे तर व्होल्टेजचा उगम आणि भार काढावाच लागतो. हे दोन्ही बहुधा बोर्डबाहेरचे असतात. विद्यार्थी मग दोन स्किमॅटिक करतात, एक सिम्युलेशनसाठी भारासह आणि एक बोर्डासाठी भाराविना. पहिल्यात एखादा रोध बदलला की दुसऱ्यात बदलायचा राहतो, आणि तपासलेले सर्किट एक, छापलेले दुसरे, असे होते. बोर्डातून वगळण्याची खूण जिथे उपलब्ध आहे, तिथे एकच स्किमॅटिक दोन्ही कामांना पुरते.

तिसरे कारण कारखान्याचे. बोर्ड छापणाऱ्याला स्किमॅटिक दिलेच जात नाही. त्याला गर्बर आणि ड्रिल फाइली जातात, असेंब्ली करणाऱ्याला त्यांच्या जोडीला निर्देशांक आणि यादी. या फाइली लेआउटमधून निघतात, आणि यादीही बोर्डापुरती गाळता येते. म्हणून बोर्डातून वगळलेला घटक त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही आणि त्यांना त्रास व्हायचेही कारण नाही. याद्या मात्र दोन हव्यात: असेंब्लीसाठी बोर्डाची, खरेदीसाठी पूर्ण उपकरणाची. दोन्ही एकाच स्किमॅटिकमधून, खुणेनुसार गाळून काढता येतात. बोर्डबाहेरचे घटक स्किमॅटिकमध्ये नसतील तर खरेदीची यादी कोणीतरी एक्सेलमध्ये हाताने ठेवतो. स्किमॅटिक बदलले की ती आपोआप बदलत नाही. गोव्यातील वेर्ण्यासारख्या औद्योगिक ठिकाणी कंत्राटी असेंब्ली एका कारखान्यात, डबा आणि वायरिंग दुसरीकडे, अशी विभागणी होते. पेडण्यातील तुये येथे केंद्राच्या २०१२ च्या समूह योजनेखाली इलेक्ट्रॉनिक सिटी आखली गेली, ती अशाच लहान-मोठ्या उद्योगांना एकत्र आणण्यासाठी. कामे जितकी जास्त हातांत विभागली जातील, तितकी हाताने ठेवलेली यादी जास्त घातक ठरते.

आणि बोर्डबाहेरच्या सामानात नेमकी चुकायला सोपी अशी वस्तू असते: कनेक्टरची दुसरी बाजू. बोर्डावर बसणाऱ्या रिलिमेट कनेक्टरला वायरच्या टोकाला घर आणि क्रिम्प संपर्क लागतात. बोर्डावरचा भाग यादीत असतो, वायरवरचा नसतो. मग बाजारातून 'तसाच दिसणारा' आणला जातो. जेएसटीच्या एक्सएच मालिकेत पिनांमधले अंतर २.५ मिलिमीटर आहे, मोलेक्सच्या केके मालिकेत २.५४. दोन-तीन पिनांत हा फरक जाणवत नाही. दहा पिनांत तो ०.३६ मिलिमीटर होतो, आणि जबरदस्तीने बसवलेले घर काही दिवसांनी सैल पडते. वायरवरच्या भागाला स्वतःचे चिन्ह, स्वतःचे नाव आणि कंपनीचा क्रमांक स्किमॅटिकमध्ये दिला तर ही खरेदी अंदाजावर राहत नाही.

नावे देण्याची पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. १९७५ च्या आयईईई २०० मानकात आणि त्याच्या जागी आलेल्या २००८ च्या एएसएमई वाय१४.४४ मध्ये स्थिर बाजूच्या कनेक्टरला जे, हलत्या बाजूच्या प्लगला पी, केबलला डब्ल्यू आणि जोडसंचाला ए ही अक्षरे आहेत. जे३ ला पी३ बसतो, पी३ पासून डब्ल्यू३ निघते आणि ती आरटी१ या संवेदकाला जाऊन मिळते, ही साखळी स्किमॅटिकवर तुटक रेघेच्या चौकटीत काढली की वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, करणाऱ्याला वेगळे काही विचारावे लागत नाही. पिनांचे क्रमांक दोन्ही बाजूंना लिहिणे इथे अत्यावश्यक आहे, कारण एकच कनेक्टर बोर्डाकडून आणि वायरीच्या बाजूने पाहताना आरशातल्यासारखा उलट दिसतो. फक्त जे३ काढलेला असला की वायरमन आपल्या बाजूने पाहून पहिली पिन ठरवतो. पुरवठा आणि जमीन यांची अदलाबदल होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

स्किमॅटिकमध्ये गर्दी होते, अशीही हरकत घेतली जाते. गर्दी खरी असेल तर उपाय पानांचा आहे. बोर्डाचे सर्किट एका पानावर, बाहेरचे घटक दुसऱ्यावर, दोघांना जोडणाऱ्या रेघांना एकसारखी नावे. विहिरीच्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये फ्लोट, कॉन्टॅक्टर, मोटर आणि तिचा कपॅसिटर असे चारच घटक बाहेर असतात. त्यांनी कोणतेही पान भरत नाही. उलट फ्लोटची लांब केबल उघड्यावरून येते हे तिथे दिसले, की इनपुटवरच्या रोधाचे आणि वीज कडाडताना येणारा धक्का अडवणाऱ्या डायोडचे कारण स्पष्ट होते.

राहिले चौथे कारण. जे बोर्ड स्वतःच विकायची वस्तू आहे, ज्याला कोण काय जोडेल हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते, त्याच्या स्किमॅटिकमध्ये बाहेरचे घटक काढणे खोटे ठरेल. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे सुरू झालेला आर्डुइनो आणि बाजारातली तयार रिले मॉड्यूल ही याची उदाहरणे. तिथे कनेक्टरशी थांबणे बरोबर. पण थांबण्याबरोबर काहीतरी द्यावे लागते: प्रत्येक पिनेची व्होल्टेजची मर्यादा, जास्तीत जास्त प्रवाह, इनपुट खेचून ठेवले आहे का आणि कुठे, केबलची चालणारी लांबी. पिनेचे नुसते नाव म्हणजे ही माहिती नव्हे. एकच बोर्ड कंपनीच्याच तीन यंत्रांत जात असेल, तर त्या बोर्डाचे एक स्वतंत्र पान ठेवावे आणि प्रत्येक यंत्राचे बाहेरचे पान वेगळे. तेव्हा बाहेरचे घटक 'माहीत नाहीत' असे म्हणता येत नाही. ते तीन प्रकारे माहीत आहेत.

इथे सॉफ्टवेअर मागे पडते, हे सांगायला हवे. कीकॅडचा एक प्रकल्प एकाच बोर्डाचा असतो. दोन बोर्डे एका केबलने जोडलेली असतील तर प्रत्येकाच्या स्किमॅटिकमध्ये दुसरे बोर्ड वगळलेल्या चिन्हाच्या रूपात काढावे लागते, आणि दोन्हीकडची पिनांची नावे जुळतात की नाही हे माणसानेच पाहावे लागते. ऑल्टियमने २०१८ च्या आवृत्तीत अनेक बोर्डांच्या प्रकल्पाची सोय आणली, त्यात बोर्डांमधल्या जोडण्या तपासल्या जातात. पण ते सॉफ्टवेअर लहान कार्यशाळेच्या किंवा पदविका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. त्यांच्यासाठी आजचा व्यवहार्य मार्ग असा: दुसऱ्या बोर्डाचे चिन्ह लायब्ररीत एकदाच करावे, दोन्ही प्रकल्पांनी तीच लायब्ररी वापरावी, आणि कनेक्टर बदलला तर बदल आधी त्या चिन्हात करून मग दोन्हीकडे अद्ययावत करावा. स्क्रू, डबा, रबरी बूच आणि चिकट पट्टी या विजेशी संबंध नसलेल्या वस्तू मात्र स्किमॅटिकमध्ये आणू नयेत. त्यांची यादी यांत्रिक ड्रॉइंगसोबत राहू द्यावी. त्याला एक अपवाद आहे. उष्णता वाहून नेणारा हीट सिंक ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पाठीशी विद्युत संपर्कात येत असेल, तर तो सर्किटचा भाग होतो आणि त्याला स्किमॅटिकमध्ये चिन्ह, पिन आणि रेघ द्यावी लागते.